रेवस ते रेडी, दोन जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांवर : तयारीच्या नोंदी

5 ऑक्टोबर 2024

रायगडमधल्या रेवसपासून सिंधुदुर्गातल्या रेडीपर्यंत, जमेल तितके समुद्राला धरून, मी आणि माझा मुरूडचा मावसभाऊ असे दोघे जानेवारीत जाणार आहोत. माझी गाडी म्हणजे वडिलांची येझदी 250, नोंदणी 1974 ची, म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातली. त्याची बजाज एम-एटी एका मासेविक्रेत्याकडून घेतलेली आहे आणि आजही वाडीतले नारळ वाहते. असाच बेत कोणी आखत असेल तर त्याला आमच्या चुकांचा उपयोग व्हावा, म्हणून या नोंदी ठेवत आहे.

पहिल्या आराखड्यात मी रोजचे 150 किलोमीटर धरून चार दिवसांत रेडी गाठायचे ठरवले होते. हा मार्ग पाचशे किलोमीटरच्या वर जातो. त्यात आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेसवी, दाभोळ ते धोपावे आणि तवसाळ ते जयगड अशा चार खाड्या जंगलजेट्टीने, म्हणजे गाड्या वाहून नेणाऱ्या बोटीने, ओलांडायच्या आहेत, हे मला ठाऊक होते. पण त्या चार रेघांचा वेळापत्रकावर किती भार पडेल याचा विचार मी केला नव्हता.

आज येझदी तीन वर्षांनंतर बाहेर काढली. किक बसते, गिअर पडतात. या गाडीत किक आणि गिअर यांचा दांडा एकच असतो, आणि तो गंजून अडकला असता तर तिथेच काम थांबले असते. ठिणगी मात्र नाही.

13 ऑक्टोबर

आठवडा पेट्रोलच्या टाकीत गेला. टाकीत जुने पेट्रोल तसेच ठेवले होते, ही माझी चूक. हल्ली पेट्रोलमध्ये इथेनॉल असते आणि इथेनॉल हवेतली ओल ओढून घेते. आमच्याकडचा पावसाळा चार महिन्यांचा, त्यामुळे टाकीच्या तळाशी पाण्याचा वेगळा थर साचला होता आणि त्याच रेषेपर्यंत आतून गंज चढला होता. टू-स्ट्रोक गाडीत ऑइल पेट्रोलमध्येच मिसळून घालतात आणि अशा गाडीत हा थर फार घातक ठरतो, कारण पाणी आणि इथेनॉलच्या त्या थरात ऑइल जवळजवळ नसतेच. पेट्रोल कॉक, म्हणजे टाकीचा नळ, तळाला असल्यामुळे इंजिनाकडे आधी तोच जातो. मी घाईने किक मारून गाडी चालू केली असती, तर पिस्टन त्याच दिवशी गेला असता.

टाकी रिकामी करून आत मूठभर बारीक खिळे आणि रॉकेल घालून हलवली, गोड्या पाण्याने धुतली आणि लगेच उन्हात वाळवली. पहिल्या वेळी वाळवायला एक रात्र उशीर झाला, तेवढ्यात पुन्हा तांबूस गंज धरला आणि सगळे काम नव्याने करावे लागले. कार्बुरेटरच्या फ्लोटखालची वाटी हिरवट चिकट गाळाने भरली होती, तर रबरी नळी हाताने मुडपताच तुटली. नळ्या, कॉकचे वॉशर आणि फिल्टर नवे घातले. खर्च 2,200 रुपये.

यापुढचा नियम असा की गाडी दहा दिवसांपेक्षा जास्त उभी राहणार असेल, तर टाकी आणि फ्लोटची वाटी दोन्ही रिकामी करायची.

20 ऑक्टोबर

ठिणगी नसण्याचे कारण शोधताना मी आधी कॉइल बदलली आणि ते पैसे वाया गेले. येझदीची ठिणगी बॅटरीवर चालते. सहा व्होल्टची बॅटरी पूर्ण बसली असेल, तर कॉइल नवी असून उपयोग नाही, आणि ही साधी गोष्ट मी शेवटी तपासली. बॅटरी नवी घेतली, कंडेन्सर बदलला, पॉइंटची फट 0.4 मिलिमीटर आणि प्लगची 0.6 मिलिमीटर ठेवली, आणि तिसऱ्या किकला गाडी बोलली. बॅटरी, पॉइंट आणि कंडेन्सर मिळून 1,950 रुपये. चुकीने घेतलेली कॉइल आता सुट्या भागांच्या डब्यात गेली आहे.

मावसभावाच्या एम-एटीला ही अडचण नाही. तिची ठिणगी मॅग्नेटोवर पडते, तो इंजिन फिरताना स्वतःच वीज तयार करतो, त्यामुळे बॅटरी नसली तरी ती सुरू होते. म्हणून वाटेत आधी एम-एटी सुरू करून मग येझदीकडे पाहायचे, असे ठरले.

रात्री घराबाहेर हेडलाइट लावून पाहिला. सहा व्होल्टच्या दिव्याचा उजेड पुढच्या पाच-सहा पावलांपुरता पडतो. अंधारात गाडी चालवायची नाही, हे आजच पक्के केले. जानेवारीत साडेसहाच्या सुमाराला सूर्य मावळतो, म्हणजे पाचपर्यंत मुक्कामी पोचले पाहिजे. रोजचे 150 किलोमीटर तिथेच खोडले.

6 नोव्हेंबर

दिवाळीत सुट्या भागांची दुकाने बंद होती, तेव्हा कागदपत्रे हाती घेतली.

गाडीला यंदा पन्नास वर्षे पूर्ण झाली, म्हणून एका परिचिताने ती विंटेज म्हणून नोंदवण्याचा सल्ला दिला. 2021 च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरील गाडीला तशी नोंदणी मिळते, तिच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात आणि नव्या नोंदणीचे शुल्क 20,000 रुपये आहे. मी अर्ज भरायलाही बसलो होतो. नियम नीट वाचल्यावर कळले की अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, विंटेज रॅली, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्याच कारणांसाठी ती बाहेर काढता येते. ज्यांना जुन्या गाडीवर प्रवास करायचा आहे, त्यांनी या वाटेला जाऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन. साध्या नोंदणीचे पाच वर्षांसाठी नूतनीकरण करणे हाच मार्ग आहे.

एप्रिल 2022 पासून दुचाकीच्या नूतनीकरणाचे शुल्क 1,000 रुपये होते, तेवढे मी भरले. त्यावर पर्यावरण कर आणि मुदत उलटून गेल्याचा दंड भरावा लागला. तपासणीला गाडी नेली, तेव्हा चासी क्रमांकावर मी स्वतः दिलेला काळा रंग इतका जाड होता की अंक वाचता येईनात, आणि मला परत यावे लागले. एक दिवस आणि टेम्पोचे जाऊन-येऊन भाडे त्या रंगापायी गेले. नंतर विमा आणि प्रदूषण तपासणीचे प्रमाणपत्रही घेतले.

16 नोव्हेंबर

पहिली चाचणी. सामान न घेता रेवदंड्याहून साळावचा पूल, कोर्लई, काशीद, मुरूड असे करत आगरदांड्याला आलो आणि सकाळच्या पहिल्या फेरीने दिघीला जायचे म्हणून उभे राहिलो. काल कार्तिकी पौर्णिमा होती. पाणी खूप खाली गेले होते आणि जेट्टीच्या उताराचा खालचा, एरवी पाण्याखाली असणारा भाग हिरव्या शेवाळासह उघडा पडला होता.

मी उतारावर पुढचा ब्रेक दाबला. पुढचे चाक एका क्षणात सरकले आणि गाडी डाव्या बाजूवर पडून हातभर घसरत गेली. मला खरचटण्यापलीकडे काही झाले नाही, पण क्लचचा लिव्हर मोडला, फूटरेस्ट वाकला आणि मागच्या चाकाच्या ड्रममध्ये खारे पाणी शिरले. दोन खलाशांनी धावत येऊन गाडी उचलली. त्यांच्यातला वयस्कर म्हणाला, “उधाणाच्या दिवसांत सकाळी ओहोटीच असते, भाऊ. जुनी गाडी आहे तर भांगाला या, पाणी वरपर्यंत असतं.” भांग म्हणजे भरती-ओहोटीचा चढ-उतार कमी असण्याचे दिवस.

आम्ही पलीकडे गेलो नाही. माझी गाडी घरी ढकलत आणि दोरीने ओढत आणली. सगळा दिवस गेला, पण या तयारीत सर्वांत मोलाची गोष्ट मला त्याच दिवशी कळली.

18 नोव्हेंबर

किनाऱ्यावरच्या घरांत भरतीची वेळ काढायची जुनी रीत आहे : तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीचा तास मिळतो. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहाला, एकादशीला सव्वाआठला. त्यानंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. माझी आजी याच हिशोबाने शिंपल्या काढायला जायची, आणि मी मात्र जेट्टीच्या फेऱ्यांचे वेळापत्रक पाहून निघालो होतो.

म्हणजे पौर्णिमेला आणि अमावास्येला भरती दुपारी बाराच्या आसपास, तर ओहोटी सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला. वर उधाण असल्यामुळे पाणी उतरतेही फार. अष्टमीच्या आसपास भांग असतो, चढ-उतार कमी असतो आणि सकाळची भरती सहाला येते. रोज एक खाडी धरून अष्टमीपासून पुढचे चार दिवस घेतले, तर भरती अनुक्रमे सहा, पावणेसात, साडेसात आणि सव्वाआठ वाजता येते. चारही दिवस सकाळच्या फेरीला उतारावर पाणी वरपर्यंत असेल.

त्यामुळे आमची तारीख सुट्टीवरून न ठरता तिथीवरून ठरली. 22 जानेवारीला पौष वद्य अष्टमी आहे आणि बुधवार आहे. आदल्या दिवशी रेवसहून निघून मुरूडला मावसभावाकडे राहायचे, 22 ला आगरदांडा, 23 ला बागमांडला, 24 ला दाभोळ आणि 25 ला तवसाळ. कागदावर पाहिले तर रोजचे अंतर फार थोडे दिसते, पण या चार दिवसांत अंतर वाढवायचे नाही, असे दोघांनीही मान्य केले.

30 नोव्हेंबर

ब्रेक. मागचा ड्रम उघडला, तर खाऱ्या पाण्याने दोन आठवड्यांत स्प्रिंगवर गंज आणि शूवर पांढरी बुरशीसारखी साय धरली होती. पडल्या दिवशीच ड्रम खोलून गोड्या पाण्याने धुवायला हवा होता. दोन्ही चाकांना नवे लायनर लावून घेतले, ते ड्रममध्ये नीट बसण्यासाठी मेस्त्रींनी कानसीने दोनदा घासले. खर्च 1,300 रुपये. टायर आणि ट्यूब जुन्या होत्या, बाजूला भेगा दिसत होत्या; नव्या जोडीला 5,600 रुपये पडले आणि ते मला अजिबात जास्त वाटत नाहीत.

येझदीची साखळी पूर्ण झाकलेली असते. रबरी नळ्या धड असतील तर वाळू आणि खारी हवा साखळीपर्यंत पोचत नाही. आमच्या किनाऱ्यासाठी हा गुण मोठा आहे. एम-एटीच्या चाकांचे स्पोक मात्र खाऱ्या हवेने इतके खाल्ले आहेत की नऊ बदलावे लागले.

8 डिसेंबर

दुसरी चाचणी, या वेळी पूर्ण सामानासह. आज शुद्ध अष्टमी. सकाळी आगरदांड्याला पाणी उताराच्या वरच्या भागापर्यंत होते, काँक्रीट कोरडे होते, आणि मागचा ब्रेक हलका धरून दोन्ही गाड्या व्यवस्थित बोटीत चढल्या. रविवार असल्यामुळे पर्यटकांच्या मोटारींची रांग होती. खाडी ओलांडण्याचे चारही दिवस सोमवार ते शुक्रवारात बसले असते तर बरे झाले असते. शनिवारची तवसाळ मात्र टाळता येत नाही.

दिघीहून बोर्ली पंचतनला नीट पोचलो. पुढे श्रीवर्धनच्या वाटेवर सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या पठारावर, चढताना इंजिन चांगलेच तापले होते. उताराला लागल्यावर नव्या ब्रेकना त्रास नको, म्हणून मी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर पूर्ण बंद केला आणि तशीच खाली सोडली. उतार संपता संपता इंजिनाने एक कोरडा आवाज केला आणि मागचे चाक अडकले. मी क्लच ओढून गाडी कडेला घेतली. पिस्टन जाम झाला होता.

कारण मेस्त्रींनी समजावून सांगितले आणि ते प्रत्येक टू-स्ट्रोकवाल्याने लक्षात ठेवावे असे आहे. पेट्रोलमध्येच ऑइल असते, तेव्हा ॲक्सिलरेटर बंद केला की पेट्रोलबरोबर ऑइलही बंद होते. चाक इंजिनाला वेगाने फिरवत राहते आणि आत वंगण मात्र पोचत नाही. चारचाकीच्या सवयीने मी इंजिनाचा ब्रेक वापरला, तोच इंजिनाच्या जिवावर आला. त्यातच पंपावर मी पेट्रोल आधी आणि ऑइल नंतर ओतले होते, त्यामुळे मिश्रण सारखे झाले नसण्याची शक्यता आहे.

श्रीवर्धनहून टेम्पोने परत. भाडे 3,500 रुपये.

25 डिसेंबर

सिलिंडरवर उभे ओरखडे होते, म्हणून बोअर मारून, म्हणजे सिलिंडर आतून किंचित मोठा करून, 0.50 मिलिमीटरचा ओव्हरसाइज पिस्टन आणि रिंगा घातल्या. पिस्टन मागवण्यात नऊ दिवस गेले. मजुरीसह खर्च 6,400 रुपये. कागदपत्रे आणि टेम्पो सोडून येझदीवर आजवर 17,450 रुपये गेले.

नव्या पिस्टनसाठी पहिले 500 किलोमीटर गाडी हळू चालवायची, म्हणून रोज संध्याकाळी रेवदंडा ते अलिबाग आणि परत असा फेरा सुरू केला आहे. या वेगात रोज जास्तीत जास्त चाळीस किलोमीटर होतात. प्रवासाआधी हे काम संपवायला निदान तेरा दिवस लागतील.

उताराची रीत आता बदलली आहे. उतार सुरू होण्याआधीच वेग कमी करायचा, दर काही सेकंदांनी ॲक्सिलरेटर किंचित उघडून मिटायचा, म्हणजे इंजिनाला ऑइल मिळत राहते, आणि लांब उतारावर मध्ये थांबून ड्रमला हात जवळ नेऊन उष्णता पाहायची. ब्रेक आणि इंजिन यांच्यात भार वाटून द्यायचा, एकट्यावर टाकायचा नाही. कोकणातला हा रस्ता प्रत्येक खाडीकडे उतरतो आणि पुन्हा सड्यावर चढतो, त्यामुळे ही गोष्ट दिवसातून दहादा करावी लागणार आहे. मावसभावाने तीच सवय एम-एटीवर लावून घेतली आहे.

मिश्रणासाठी येझदीला लिटरमागे 40 मिलिलिटर ऑइल ठेवले आहे. पाच लिटरच्या कॅनवर खूण केली, त्यात आधी 200 मिलिलिटर ऑइल, मग पेट्रोल, मग नीट हलवून टाकीत. एम-एटीला ऑइल त्याहून कमी लागते, म्हणून तिचे माप वेगळ्या रंगाच्या बाटलीत आहे. पंपावर गडबड असते, तेव्हा रंग वेगळा असलेला बरा.

5 जानेवारी 2025

सामान कमी केले. डिसेंबरच्या चाचणीत तंबू, शेगडी आणि भांडी नेली होती. ती सगळी काढली. या किनाऱ्यावर दर काही मैलांवर घरगुती खानावळ आणि राहायला खोली मिळते. त्या वजनाऐवजी क्लच आणि ॲक्सिलरेटरच्या केबल, तयार निपल, पॉइंट-कंडेन्सर, चार प्लग, ट्यूब, हातपंप, तार, सुटी बॅटरी आणि तीन लिटर गोडे पाणी घेतले. हे पाणी प्यायचे नसून प्रत्येक जेट्टीनंतर ड्रम, स्पोक आणि सायलेन्सर धुण्यासाठी आहे. ड्रम तापलेला असताना त्यावर पाणी टाकायचे नाही.

चढउताराच्या रस्त्यावर येझदी लिटरला 24 किलोमीटर देते. टाकी अर्धी झाली की पुढच्या पंपावर भरायची, कारण तालुक्याच्या गावांबाहेर पंपांमधले अंतर कुठे कुठे मोठे आहे.

परतीचा विचार उशिरा केला. रेल्वेने मोटारसायकल पाठवायची तर टाकी पूर्ण रिकामी करावी लागते, गाडी गोणपाटाने बांधावी लागते आणि नोंदणीपत्र व ओळखपत्राच्या प्रती द्याव्या लागतात. जिथे रेल्वेगाडी दोन-तीन मिनिटेच थांबते, अशा स्थानकावर दोन मोटारसायकली चढवणे कठीण, म्हणून रेडीहून तेरेखोलची खाडी ओलांडून मडगावला जायचे ठरवले आहे.

14 जानेवारी

पुढचा आराखडा असा. 26 ला रत्नागिरीत विश्रांती, त्या दिवशी दोन्ही सायलेन्सरांतला कार्बन काढायचा आणि ब्रेक उघडून पाहायचे. 27 ला पावस, पूर्णगड, कशेळीवरून जैतापूर. 28 ला देवगड. 29 ला कुणकेश्वर, आचरा, मालवण. 30 ला वेंगुर्ले आणि शिरोडामार्गे रेडी. रत्नागिरीच्या दक्षिणेला बहुतेक खाड्यांवर पूल आहेत, त्यामुळे भरतीचा हिशोब तिथे सैल होतो. तेरेखोलला मात्र 31 तारखेला जायचे आहे आणि 29 ला अमावास्या आहे. तिथी द्वितीया, भरती दीड वाजता. सकाळी ओहोटी लागलेली असेल, म्हणून दुपारी बारानंतरच उतारावर जायचे.

चार दिवसांचा बेत असा अकरा दिवसांचा झाला. मावसभावाच्या घरी यावर नाराजी होती, कारण सुपारी सोलण्याचे काम मागे पडते. त्याने गडी ठरवून तो प्रश्न सोडवला.

20 जानेवारी

कालच्या फेऱ्यात 500 किलोमीटर पूर्ण झाले. प्लग काढून पाहिला, रंग विटकरी, म्हणजे मिश्रण योग्य आहे. पॉइंटची फट पुन्हा तपासली, नव्या लायनरमुळे सैल झालेल्या ब्रेकच्या केबल ओढून घेतल्या, स्पोक एक एक वाजवून पाहिले.

संध्याकाळी सामान बांधताना पेट्रोलचा वास आला. कॉकच्या तोंडाशी थेंब धरत होता. ऑक्टोबरमध्ये घातलेला वॉशर पेट्रोलने फुगून वाकडा झाला होता. टाकी रिकामी केली, कॉक उतरवला, मेस्त्रींकडून आणलेला दुसरा वॉशर बसवला आणि आटे हलक्या हाताने आवळले. टाकी पुन्हा भरून कॉकखाली वर्तमानपत्राचा कागद अंथरला. रात्री दहा वाजता कागद कोरडा आहे. पहाटे पाचला पुन्हा पाहीन, आणि तेव्हाही कोरडा असेल तर सहाला रेवसकडे निघू.